हिवाळा सरताना खाडीकाठी: परतीची तयारी कशी ओळखायची

फेब्रुवारी अर्धा उलटला की बरेच हौशी पक्षिनिरीक्षक खाडीकडे फिरकायचे थांबतात. हिवाळी पाहुणे बघून झालेले असतात, वहीत नावांपुढे खुणा पडलेल्या असतात. मला मात्र खाडीकाठची ओढ सगळ्यात जास्त लागते ती नेमकी याच दिवसांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पक्षी थकून आलेले असतात. जानेवारीत ते तग धरून असतात. हिवाळा सरू लागला की ते निघायच्या तयारीला लागतात, आणि ही तयारी साध्या दुर्बिणीतून दिसते. ती कशी वाचायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी हे पक्षी कोण ते पाहू. खाडीची मुखं, खाजणं, कांदळवनांच्या पुढचे चिखलाचे पट्टे, मिठागरं या सगळ्यांना मिळून किनारी पाणथळ म्हणू या. पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर गावी झाला. त्याच्या व्याख्येत तर ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल राहणारं समुद्राचं पाणीही पाणथळच धरलं आहे. या पट्ट्यात हिवाळ्यात चिखल्या, तुतवार, कोरल, गॉडविट, नॉट असे लांब पायांचे, बहुतेक करड्या-तपकिरी रंगाचे पक्षी जमतात. यातल्या बऱ्याच जाती उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतात. तिथला उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. म्हणजे वर्षातला मोठा काळ हे पक्षी आपल्यासमोरच्या चिखलात किंवा वाटेवरच्या तशाच एखाद्या चिखलात काढतात. त्यांना पाहुणे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. वीण करायला जातात ते गाव वेगळं, पण राहतात ते इथेच.

चंद्राच्या घड्याळाप्रमाणे

पक्षी बघायला पहाटे जावं, हा सल्ला रानातल्या पक्ष्यांसाठी ठीक आहे. किनाऱ्यावर तो फसतो. पहाटे पोचलात आणि तेव्हाच पूर्ण भरती असेल तर समोर नुसतं पाणी दिसेल. पूर्ण ओहोटी असेल तर चिखल अफाट पसरलेला असेल आणि पक्षी त्याच्या पार टोकाला, मुंग्यांएवढे. इथे वेळ सूर्य ठरवत नाही, चंद्र ठरवतो.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी सातला भरती असेल तर आठवड्याने त्याच सुमाराला ओहोटी असते. शिवाय अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी होतो.

आता हेच पक्ष्याच्या बाजूने बघा. त्याचं ताट दिवसातून दोनदा झाकलं जातं आणि दोनदा उघडतं. उघडं असेल तेव्हा खायचं, झाकलं की थांबायचं. त्यातलं एक उघडणं बहुधा रात्री येतं, म्हणून हे पक्षी रात्रीही खातात. चांदणं असो वा काळोख, ताट उघडलं की ते हजर. दिवसा ज्याला आपण आळसावून उभा असलेला पक्षी समजतो, तो कदाचित रात्रपाळी करून आलेला असतो.

बघायला उत्तम वेळ म्हणजे भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन-तीन तास. पाणी चढत येतं तसा चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी खात-खात काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे ढकलले जातात. तुम्ही एका जागी बसून राहायचं. पाणी त्यांना घेऊन येतं. ओहोटीला उलटं होतं. ओसरत्या पाण्यामागे पक्षी लांब निघून जातात आणि आपण त्यांच्या मागे जायचा मोह आवरत नाही. तो आवरावाच. चिखल कुठे गुडघाभर आहे आणि कुठे कमरेएवढा, हे वरून कळत नाही, आणि पाणी परत येतं ते बरेचदा मागच्या ओहळांमधून, म्हणजे पाठीमागून.

भरती पूर्ण झाली की सगळे एखाद्या उंचवट्यावर, वाळूच्या दांड्यावर किंवा मिठागराच्या बांधावर दाटीवाटीने उभे राहतात. तोंड वाऱ्याकडे, म्हणजे पिसं विस्कटत नाहीत. एक पाय पोटाच्या पिसांत, चोच पाठीच्या पिसांत. उघड्या पायातून आणि चोचीतून उष्णता निसटते, ती अशी वाचते. झोपलेल्या थव्याच्या कडेचे पक्षी निरखून पाहा. एक डोळा मिटलेला आणि दुसरा, बाहेरच्या बाजूचा, उघडा असं दिसू शकतं. रांगेत झोपलेल्या बदकांवरच्या प्रयोगांत हे नीट मोजलेलं आहे: टोकाच्या बदकांचा मेंदू अर्धा झोपतो आणि अर्धा जागा राहतो. मधल्यांना अशी पाळी बरीच कमी येते.

चिखल म्हणजे कोठार

आपल्याला चिखल एकसारखा दिसतो. पक्ष्यांसाठी त्यात मजले आहेत. सगळ्यात वर शेवाळकण आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर. त्याच्या खाली इवल्या गोगलगायी आणि कोळंबीचे दूरचे नातेवाईक असलेले बारीक कवचधारी प्राणी. चांगल्या चिखलात एका चौरस मीटरमध्ये ते हजारोंनी सापडतात. त्याखाली शिंपल्या. आणखी खाली लांब समुद्री किडे, आपापल्या बिळात.

प्रत्येक चोच यातल्या कुठल्या तरी मजल्याची किल्ली आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, मान तिरकी करून बघतो आणि टिपतो. वर आलेलाच जीव त्याला मिळतो, म्हणून नजर हे त्याचं हत्यार. तुतवार आणि नॉट शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात टोचत जातात. ते बघत नाहीत, चाचपतात. कोरलाची खाली वळलेली लांब चोच थेट बिळात उतरते. युरेशियन कोरलाच्या मादीची चोच पंधरा सेंटीमीटरच्या आसपास असते, नरापेक्षा बरीच लांब. गॉडविटमध्येही मादीचीच चोच लांब. एकाच जातीचे नर-मादी वेगवेगळ्या खोलीवर चरताना दिसतात ते यामुळे.

या चोची नुसते चिमटे नाहीत. टोकाच्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंपनं ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी भरलेल्या असतात. नॉटवरच्या प्रयोगांतून 1998 मध्ये एक गोष्ट पुढे आली, जी वाचल्यावर मी या पक्ष्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो. नॉट ओल्या वाळूत चोच खुपसतो तेव्हा वाळूच्या कणांमधल्या पाण्यावर दाब पडतो. जवळ शिंपली पुरलेली असेल तर तो दाब तिच्याशी अडखळतो, आणि हा फरक चोचीच्या टोकाला कळतो. म्हणजे न शिवताच त्याला कळतं की इथे काहीतरी कठीण आहे. वाळू कोरडी असेल तर ही युक्ती चालत नाही. पाण्याच्या कडेला हे पक्षी का घुटमळतात, त्याचं एक कारण हे.

आणखी एक गंमत दुर्बिणीतून खरंच दिसते. तुतवार-गॉडविट कुळातले कित्येक पक्षी चोच मिटलेली ठेवून फक्त वरच्या चोचीचं टोक उचलू शकतात. चिखलात पूर्ण जबडा उघडायचा म्हणजे केवढा जोर लागेल. टोक तेवढं उघडलं की किडा पकडता येतो. झोपेतून उठलेला गॉडविट आळस देताना हे टोक वर वळवतो तेव्हा चोच मोडली की काय असं वाटतं.

सगळ्यात वरचा बुळबुळीत थरसुद्धा वाया जात नाही. अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसणारा वेस्टर्न सँडपायपर जिभेवरच्या केसाळ काट्यांनी हा थर चाटून खातो, हे 2000 नंतरच्या संशोधनात स्पष्ट झालं. तोपर्यंत तो किडेच टिपतो असं समजत होते. खाडीत भराव टाकताना 'इथे तर नुसता चिखल आहे' असं म्हणतात तेव्हा मला हा पक्षी आठवतो. त्या नुसत्या चिखलाची साय त्याचं पोट भरते.

शिदोरी बांधताना

आता मूळ मुद्दा. हिवाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत या पक्ष्यांमध्ये चार बदल होतात. दोन बाहेरून दिसतात, दोन आत घडतात.

पहिला बदल पोटाचा. लांबच्या प्रवासाचं इंधन म्हणजे चरबी. एक ग्रॅम चरबीतून पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, ती साठवायला पाणी लागत नाही, आणि जळताना उलट थोडं पाणी तयार होतं, जे समुद्रावरून उडणाऱ्याला उपयोगी पडतं. नॉट हिवाळ्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो. काही ठिकाणी निघताना तो दोनशेच्या जवळ पोचलेला असतो. माणसाच्या हिशेबात, साठ किलोच्या धावपटूने काही आठवड्यांत नव्वदच्या पुढे जायचं आणि मग शर्यतीला उभं राहायचं.

हे तुम्हाला कसं दिसेल? पक्षी बाजूने उभा असताना पायांपासून शेपटीपर्यंतची पोटाची रेषा बघा. जानेवारीत ती सरळ किंवा किंचित आत असते. मार्चकडे ती खाली फुगते, तयार पक्ष्यात चक्क लोंबते. संशोधकही पक्षी न पकडता त्याची चरबी अजमावायला हीच खूण वापरतात. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच जातीच्या दहा-वीस पक्ष्यांची ही रेषा पाहून नोंद ठेवली, तर महिन्याभरात तयारीचा आलेखच हाती येतो. यादी वाढवण्यापेक्षा मला हे काम जास्त समाधान देतं.

पण चरबी फुकट नाही. जड पक्षी उडताना हळू वर चढतो आणि ससाणा त्याच्याच शोधात असतो. मग आधीपासूनच का नाही लठ्ठ व्हायचं, याचं उत्तर इथे आहे. कडाक्याच्या थंडीत उपासमारीपुरता साठा ठेवायचा, आणि खरं वजन अगदी शेवटी वाढवायचं. म्हणून या दिवसांत घाई दिसते. खाण्याचे तास वाढतात, पाणी पायाला लागेपर्यंत टोचणं सुरू राहतं, आणि भरतीला जागा सोडताना शेवटी उडणारे पक्षी जास्त दिसतात.

दुसरा बदल पिसांचा. हिवाळ्यातला करडा वेष उतरून विणीचा रंग चढू लागतो, पण तो एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी. राखी चिखल्याच्या पांढऱ्या पोटावर काळे ठिगळ उमटतात. कर्लू सँडपायपरच्या छातीवर विटकरी शिंतोडे दिसतात. कुरवांमध्ये हे सगळ्यात सोपं: काळ्या डोक्याच्या कुरवाला हिवाळ्यात डोळ्यामागे नुसता एक ठिपका असतो. तो पसरत जातो आणि वसंत लागेपर्यंत पूर्ण टोपी चढते. एकाच थव्यात ठिपकेवाला, अर्ध्या टोपीचा आणि पूर्ण टोपीचा असे तिघेही शेजारी दिसतात. नव्याने पक्षी बघायला लागलेल्यांना याच दिवसांत पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाही, कारण चित्रं बहुधा दोनच वेषांची असतात. ठिगळं दिसली की गोंधळून जाऊ नका. चोचीची लांबी, पायांचा रंग आणि चालण्याची ढब या गोष्टी वेष बदलला तरी फारशा बदलत नाहीत, ओळख त्यावरून करा.

उडण्याची मोठी पिसं मात्र बहुतेक प्रौढ पक्ष्यांनी याआधीच नवी केलेली असतात. प्रवासाच्या तोंडावर पंखात फट ठेवून चालणार नाही.

आतले दोन बदल आपल्याला दिसत नाहीत, पण ते माहीत असले की समोरचा लहानसा पक्षी मोठा वाटायला लागतो. तिसरा बदल अवयवांचा. नॉट शिंपल्या सबंध गिळतो आणि जाड स्नायूंच्या जठरात भरडतो. हे जठर, आतडी, यकृत यांचं वजन प्रवासात नुसतं ओझं असतं. म्हणून निघण्याआधी ते आकसतात, आणि हृदय व छातीचे उडण्याचे स्नायू वाढतात. अलास्कातून निघालेल्या कोवळ्या गॉडविटमध्ये शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, सुमारे 55 टक्के, चरबीचाच आढळला होता. पोचल्यावर पचनाचे अवयव पुन्हा वाढवावे लागतात. मुक्कामी उतरलेला पक्षी लगेच वाट्टेल ते खाऊ शकत नाही, त्याला आधी मऊ, पचायला हलकं अन्न लागतं. अशा थकलेल्या पक्ष्याला उडवून लावणं म्हणजे काय, ते यावरून कळेल.

चौथा बदल वेळेच्या जाणिवेचा. निघायचं कधी, हे त्याला सांगतं कोण? टुंड्रातलं बर्फ वितळलं का, हे हजारो किलोमीटर दूरच्या चिखलात कळायला मार्ग नाही. 1920 च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी जुंको नावाचे छोटे पक्षी कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा-थोडा लांबवला. थंडी तशीच होती, तरी पक्ष्यांची जननांगं वसंत आल्यासारखी वाढली. म्हणजे ऊब नव्हे, दिवसाची लांबी हा संकेत होता. पण विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्या पक्ष्याचं काय? तिथे दिवस वर्षभर जवळपास सारखाच. जीवशास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी जर्मनीत वटवट्यांसारखे छोटे स्थलांतरित पक्षी वर्षानुवर्षं एकाच लांबीच्या दिवसात ठेवून पाहिले. तरीही ते साधारण वर्षभराच्या अंतराने पिसं बदलत राहिले, लठ्ठ होत राहिले आणि प्रवासाच्या हंगामात पिंजऱ्यात अस्वस्थ होऊन उड्या मारत राहिले. पंचांग आतच असतं. दिवसाची लांबी ते फक्त जुळवून देते.

एका दमात

या शिदोरीवर पक्षी किती जातो? 2007 मध्ये उपग्रह यंत्र बसवलेली 'ई7' नावाची गॉडविट मादी मार्चमध्ये न्यूझीलंडहून निघाली आणि आठवडाभर अखंड उडत दहा हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या, चीन आणि कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या काठी उतरली. तिथे काही आठवडे चरून ती अलास्काला गेली, आणि परतताना अलास्का ते न्यूझीलंड हे 11,000 हून अधिक किलोमीटरचं अंतर तिने आठ दिवसांत, न थांबता कापलं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तर पाच महिन्यांच्या एका गॉडविटने अलास्कातून निघून 13,560 किलोमीटरवरच्या टास्मानियात पाय टेकले. अकरा दिवस. गॉडविट पाण्यावर उतरून विसावा घेत नाही, त्यामुळे मध्ये थांबायला जागाच नव्हती.

सगळेच असे जात नाहीत. बहुतेक पक्षी टप्प्याटप्प्याने जातात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांना तसाच जिता चिखल लागतो. इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पिवळ्या समुद्राभोवतीचे भरती-ओहोटीचे पट्टे गेल्या शतकाच्या मध्यापासून पन्नासेक वर्षांत जवळजवळ दोन-तृतीयांश नाहीसे झाले. दक्षिण कोरियातल्या सेमानगुम इथे 2006 मध्ये 33 किलोमीटर लांबीची भिंत पुरी झाली आणि सुमारे 400 चौरस किलोमीटर खाडी समुद्रापासून तुटली. तिथे थांबणारे ग्रेट नॉट, म्हणजे नॉटचे थोराड भाऊबंद, शेजारच्या चिखलात जातील, असं म्हटलं गेलं होतं. शेजारच्या चिखलांत ते तेवढ्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि हजारो किलोमीटर दूर ऑस्ट्रेलियात, आपल्याकडच्या हिवाळ्याच्या महिन्यांत, त्यांची मोजणी होते तिथे संख्या घसरली. शेजारचं ताट आधीच दुसऱ्यांनी भरलेलं होतं. पुढे 2019 मध्ये चीनच्या बाजूचे आणि 2021 मध्ये कोरियाच्या बाजूचे काही पट्टे जागतिक वारसा यादीत आले, ही मात्र खरोखर आनंदाची बातमी.

या साखळीचा अर्थ असा, की तुमच्यासमोरची खाडी नीट असूनही पक्षी कमी होऊ शकतात. आणि याच्या उलटही खरं: तुमची एक खाडी बुजली तर फटका आणखी कित्येक देशांत जाणवतो. म्हणून मोजणीला मोल आहे. एकट्याची नोंदही उपयोगाची असते. मोठा थवा मोजताना एकेक पक्षी मोजत बसू नका. आधी दहा नीट मोजा, तेवढा गठ्ठा डोळ्यांत भरवा, मग असे दहा गठ्ठे किती जागा व्यापतात ते पाहून शंभराचा ठोकळा ठरवा आणि ठोकळे मोजा. सुरुवातीला आपण हटकून कमी मोजतो. सरावाने अंदाज सुधारतो.

मोजताना पायांवरही नजर असू द्या. काहींच्या पायाला रंगीत प्लॅस्टिकची पट्टी असते. पूर्व आशिया-ऑस्ट्रेलिया या स्थलांतराच्या मार्गावर रंगावरून देश-प्रदेश कळतो: नारिंगी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, पिवळी म्हणजे वायव्य ऑस्ट्रेलिया, पांढरी म्हणजे न्यूझीलंड. रंग, कुठल्या पायावर, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, आणि अक्षरं दिसली तर अक्षरं, एवढं टिपून पट्ट्या बसवणाऱ्यांना कळवलं की त्या पक्ष्याच्या आयुष्याचा एक दुवा जुळतो. अर्जेंटिनात 1995 मध्ये पहिल्यांदा पट्टी लावलेला आणि पुढे 'बी95' या खुणेने ओळखला गेलेला एक नॉट 2014 पर्यंत पुन्हा पुन्हा दिसत राहिला. त्याच्या वाऱ्या जोडल्या तर पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराहून जास्त भरतात. हे कळलं ते कुणीतरी दुर्बिणीतून पायाकडे नीट बघितलं म्हणून.

किती जवळ जायचं

या दिवसांत अंतराचा नियम बाकी वर्षापेक्षा कडक पाळावा. प्रत्येक उड्डाण साठवलेल्या चरबीतून जातं आणि खाण्याचा वेळही खातं. पक्षी उडण्याआधी सांगतो. आधी माना वर होतात. मग टोचणं थांबतं. मग एखादा तीक्ष्ण आवाज, आणि चालत दूर सरकणं. मान वर झाली त्या क्षणी थांबा. पुन्हा खायला लागले तरच तिथे राहा, नाहीतर दोन पावलं मागे या. भरतीला विसावलेल्या थव्याजवळ तर जाऊच नये, कारण त्यांना जायला दुसरी कोरडी जागा नसते. फोटोसाठी थवा उडवणं मला अक्षम्य वाटतं, आणि अशा फोटोला दाद देऊ नये असंही मी मानतो. सोबत कुत्रा नको, ड्रोन तर नकोच. आधी पोचून, सूर्य पाठीशी घेऊन, खाली बसून राहिलात तर पाणीच पक्ष्यांना आणेल, हे वर सांगितलंच आहे.

निघण्याचा दिवस बघायला मिळाला तर तो विसरत नाही. बरेच किनारपक्षी दुपार कलल्यावर, सूर्यास्ताच्या आधीच्या तासांत, चढत्या पाण्याच्या वेळी निघतात. वारा पाठीशी हवा. थवा आधी अस्वस्थ होतो, स्नान करतो, पंख झाडतो, आणि एरवी खाताना गप्प असणारे पक्षी सतत बोलू लागतात. मग काही डझन उठतात. ससाण्याला घाबरून उठलेला थवा चेंडूसारखा गोळा होऊन खाली-वर वळतो; हा तसा नसतो. हा फिरत-फिरत उंच जातो, लांबट होतो, तिरकी रांग किंवा बाण धरतो, आणि आवाज करत राहतो. काही जण थोडं वर जाऊन परत खाली येतात, उद्यासाठी. बाकीचे क्षितिजाकडे बारीक होत जातात.

दुसऱ्या दिवशी चिखल रिकामा वाटतो, पण तो रिकामा नसतो. नीट पाहिलं तर काही पक्षी अजून चरत असतात: पोटाची रेषा सपाट, पिसं फिकट आणि टोकांना झिजलेली, अंगावर एकही विटकरी ठिगळ नाही. हे आजारी किंवा मागे पडलेले असतीलच असं नाही. बहुतेक गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले असतात. यातल्या कित्येक जातींची पिल्लं पहिल्या वर्षी उत्तरेला जातच नाहीत. गॉडविट तर पहिल्यांदा उत्तरेला जायच्या आधी तीन-चार वर्षंही थांबतो. पुढचे सगळे महिने, मोठे परत येईपर्यंत, ते याच भरती-ओहोटीवर दिवस काढतात. एप्रिल-मे-जूनमध्ये खाडीवर गेलात तर वहीत त्यांचा आकडा वेगळा लिहा. त्या महिन्यांच्या नोंदी फार थोड्यांकडे असतात.